आधी हात लावून बघ

प्रिय ठमे,

परवा फोनवर तू रुसलीस ते कळलं मला. बाळाला पहिली अंघोळ मीच, त्याच्या आजीने, घालायची असा तुझा हट्ट, आणि मी शाळेच्या परीक्षा पुढे करून नाही म्हटलं. एवढं नाक फुगवू नकोस, आधीच ते माझ्या वळणावर गेलंय.

आधी वर्गातली गंमत ऐक. गेल्या आठवड्यात उष्मादायी आणि उष्माग्राही बदलांचा तास होता. तूही त्याच बाकांवर बसून शिकलीस. एका परीक्षानळीत कॉस्टिक सोडा पाण्यात घालायचा, ती तापते. दुसरीत नवसागर, ती गार पडते. आणि माझी जुनी खोड तुला ठाऊक आहेच, मुद्दाम चुकीचं सांगायचं आणि कोण पकडतंय ते बघायचं. तू तर टपूनच असायचीस. घरी चहा कोमट आहे म्हटलं, तरी आधी कपाला बोट लावून बघायचीस!

विरघळल्यावर दोन्ही नळ्या सारख्याच दिसतात, कुठली कोणती ते मी हातानेच ओळखते. तशा दोन्ही मुठींत धरल्या, एक वर केली आणि म्हटलं, बघा, ही तापली. पुढच्या बाकावरच्या पिटुकलीने हात लावला आणि किंचाळली की बाई, ही तर गारेगार आहे. बाईंची चोरी पकडली म्हणून वर्गाने टाळ्या पिटल्या. मीही हसले.

पण ठमे, त्या दिवशी मी फसवलं नव्हतं. मला खरंच कळलं नव्हतं. संध्याकाळी भाजी चिरायला बसले तर डाव्या तळव्यावर टपोरा फोड. तापलेली नळी त्याच मुठीत होती. फोड दुखत नव्हता, म्हणून तर तडक दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तातल्या साखरेने हातांची जाणीव गेलीय, आता जपा, म्हणजे उरलीय ती तरी राहील.

परीक्षाबिरीक्षा सगळी थाप गं. मी पाणी बरोबर आहे म्हणायचं, बाळाच्या अंगावर ओतायचं आणि ते कढत निघायचं, हे मनात आलं आणि तुला नाही म्हणून बसले. तुला या दिवसांत घोर नको म्हणून गप्प बसले होते. पण तुला वाटलं आईला हौसच नाही, ते मात्र सहन होईना.

तर मी येतेय. बाळाला मांडीवर मी घेणार, साबण मी लावणार, बेसूर गाणीही मीच म्हणणार. पाण्यात हात मात्र आधी तू घालायचास. मी छातीठोकपणे कोमट आहे म्हटलं, तरी घालायचास. तू झोपली असलीस तर जावईबापूंनी. आणि मी चुकले, तर वर्गात ओरडायचीस तश्शी ओरड, शेजाऱ्यांना ऐकू गेलं तरी चालेल.

तुझीच,
अजून पकडली जायला तयार असलेली
आई