पक्क्या टोकापर्यंत

आबा,

परवा आखाजीला मी आईला सांगितलं की तुम्ही चहामुळे गेला नाहीत. पंधरा वर्षं ती दर आखाजीला तुमच्या नावाची घागर भरते, वर डांगर ठेवते, पानात पुरणपोळी, आमरस, कुरडई वाढते. चहा ठेवत नाही. दिवसाला पाच कप पिणारा माणूस, पण त्याच्या पानाशेजारी कप नसतो. गोडादऱ्यातल्या एखाद्या नव्या शेजारणीने विचारलंच तर आई सांगते, ‘तीन दिन दम निंघना नही त्यासले. जिभमुये गयात.’ मी तिथेच असते, पापड तळत. परवाही होते. ती काय म्हणाली ते शेवटी लिहिते, आधी मला हे कसं कळलं ते.

मी काय काम करते ते तुम्हाला ठाऊक नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये एक रोबोट असतो. तो स्वतःहून काही करत नाही. सर्जन बाजूला बसून पडद्यात बघत त्याचे हात चालवतात. मी त्या यंत्राच्या कंपनीची इंजिनिअर. पेशंटला हात लावत नाही. आतड्यातला गाठीचा भाग कापून उरलेली दोन टोकं जोडायची असली की जोडण्याआधी भूलतज्ज्ञ शिरेतून एक हिरवं औषध सोडतात. ते रक्ताबरोबर पसरतं. मग कॅमेऱ्याचा साधा प्रकाश बदलून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकला की पडदा काळपट होतो, आणि मिनिटभरात, जिथे रक्त पोचतं तिथे आतडं हिरवं उजळतं. जिथे पोचत नाही तिथे काळं राहतं. काळ्या टोकावर सांधा घातला तर तो काही दिवसांनी सुटू शकतो, आतली घाण पोटात पसरते. हिरवं दिसलं म्हणजे सांधा टिकणारच असं नाही, हेही सांगते. पण कुठे कापायचं ते नुसत्या डोळ्यांवर सोडलेलं नसतं. तुमच्या वेळी ते डोळ्यांवरच होतं.

गेल्या महिन्यात नवागामचे एक काका टेबलावर होते. तुमच्यासारखेच लूमवर कापड विणण्यात आयुष्य काढलेले, तुमचाच आजार, जवळजवळ तीच जागा. गाठ काढून झाली होती. वरचं टोक छान गुलाबी दिसत होतं. सर्जन खुशीत होते. मला हिरवी लाइट लावायला सांगत म्हणाले, ‘बेन, तमारी लीली लाइट करो, एटले छूटा.’ मी कॅमेऱ्याचा प्रकाश बदलला. हिरवा रंग वरून सरकत आला आणि टोकाच्या दोन बोटं अलीकडे थांबला. आम्ही वाट पाहिली. पुढे सरकला नाही. मग सर्जन हळूच म्हणाले, ‘थोडुं पाछळ जइए.’ त्यांनी दोन बोटं मागे, हिरव्यात कापलं आणि तिथे जोडलं.

मला तुमचा आवाज ऐकू आला, आणि तो प्रेमळ नव्हता. मी आठवीत आहे. पर्वत पाटियाजवळच्या लूमच्या कारखान्यात उभ्या दोऱ्यांचा बीम संपला की त्याच्या दोऱ्यांना नव्या बीमचे दोरे एकेक करून जोडायचं तुमचं काम. हजारो टोकं. सुट्टीच्या दिवशी माझी बोटं बारीक म्हणून मला शेजारी बसवता. त्या दिवशी लूम सुरू झाला आणि माझ्या हातचे तीन दोरे सुटले. विरलेली टोकं तोडून टाकायची सोडून मी त्यांनाच गाठी मारल्या होत्या. तुम्ही लूम बंद केलात आणि सगळ्या कारागिरांसमोर म्हणालात, ‘कच्चा दोराले गाठ मारानी नही. मांगे जाय, पक्कं टोक दखाय तठे जोड. डोया शेतस ना तुले?’ शेजारच्या लूमवरचा कारागीर हसला. पोरीला डॉक्टर कर म्हणाला, माणसं तरी ओरडून सांगतील कुठे सुटलं ते. तुम्ही हसला नाहीत. तीनही दोरे मला पुन्हा जोडायला लावलेत.

त्याच वर्षी तुमचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी आई अंघोळीपुरती घरी गेली होती. सिस्टरने बजावलं होतं, तोंडाने काही नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. मी खालून माझ्यासाठी ग्लासभर चहा आणला. तुमच्यासमोर एकटीने प्यायला जड गेलं, म्हणून थोडा बशीत ओतून पुढे केला. तुम्ही मान हलवून नको म्हणालात. मी म्हटलं, एवढ्याने काय होतं. मग तुम्ही प्यालात, दोन घोट. पाचव्या दिवशी ताप चढला, पोट दगडासारखं झालं. पोट पुन्हा उघडावं लागेल असं सांगून डॉक्टरांनी विचारलं, मध्ये काही दिलं होतं का. बाजूच्या खाटेवरच्या बाईने बशी पाहिली होती, तिने सांगितलं. आई माझ्याकडे वळली. तुम्ही छताकडे बघत म्हणालात, ‘मीच मांगेल व्हता.’ त्यानंतर तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

बापाने पोरीला वाचवलं, असं कोणीही म्हणेल. मला तसं वाटत नाही. तीन दोऱ्यांसाठी चारचौघांत माझी लाज काढलीत, तेव्हा मी तीन दोरे जोडून मोकळी झाले होते. इथेही रागावला असतात तर मी रडले असते, आई ओरडली असती, आणि कधीतरी ते संपलं असतं. तुम्ही एक खोटं बोलून निघून गेलात आणि ते सांभाळायला मला ठेवलंत. आयुष्यभर तुम्ही माझ्याशी नरमाईने वागला नाहीत. वागलात ते एकदाच, आणि त्याचंच ओझं झालं.

नवागामच्या काकांना ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी बघायला वॉर्डात गेले. त्यांची मुलगी बशीत चहा ओतत होती. सिस्टरनेच आणून दिला होता. आता बऱ्याच ठिकाणी असंच करतात. दुसऱ्या दिवशी पाणी, चहा, जमेल तेवढं चालणं. मुलीने विचारलं, ‘ताई, चालेल ना?’ मी म्हटलं, सिस्टरने दिलाय, तर चालेल. काकांनी फुर्र करून बशी संपवली आणि साखर कमी आहे म्हणाले. मी जिन्यात जाऊन थांबले. मला राग आला, आणि तो तुमचाच आला.

मग परवा आईला सगळं सांगितलं. हिरवं औषध, काळं राहणारं टोक, तुमचं टोक बहुधा तसंच असणार, दोन घोटांनी असा सांधा सुटत नाही. तिने घागरीवरचा हात न काढता ऐकून घेतलं. वाटलं, आता उठून चहा टाकेल. ती म्हणाली, ‘मंग त्यासनी मांगा कसाले?’

म्हणजे पंधरा वर्षं ती चहावर रुसलेली नव्हतीच. ती तासाभरासाठी घरी गेली आणि तेवढ्यात तुम्ही तिला चोरून चहा मागितलात, हे तिला लागलं होतं. एका वाक्याचं उत्तर होतं: त्यांनी मागितला नव्हता, मीच पुढे केला. मी म्हटलं, पापड जळतोय.

तिला हे वाचून दाखवणार नाही. दाखवायला हवं, हे मला कळतं. एवढं मात्र कुठेतरी लिहून ठेवते: बशीतले दोन घोट तुमचे होते. ग्लासात उरलेला चहा मी तुमच्याकडे पाठ करून प्यायले, आणि तो चांगला झाला होता.