एक नोंद कमी

बाई,

तुमच्या पुस्तकाची प्रुफं काल आली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की माझे केस आता तुमच्यापेक्षा पांढरे आहेत, आणि पुस्तक अजून छापखान्यातच आहे. हे कळलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे. "सगळी गाढवं जमलीत गं," म्हणाला असतात. त्यातलं थोरलं गाढव मी. का ते तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, म्हणून लिहायला बसले आहे.

निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांसाठी पहिला दवाखाना काढला त्या डॉक्टरीणबाईंचं चरित्र तुम्ही दोघं मिळून लिहीत होता. तुम्ही बेळगावात, खडेबाजारच्या मागच्या गल्लीत, शाळेतून निवृत्त झालेल्या. ते चिकोडीत, कॉलेजात कन्नड शिकवणारे सर. तुम्ही त्यांना मराठीत पत्र लिहायचात, ते तुम्हाला कन्नडमध्ये उत्तर पाठवायचे. दोघांनाही दोन्ही भाषा येत होत्या आणि तुम्ही दोघंही आपली भाषा सोडायला तयार नव्हतात. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, म्हणून त्यांची पत्रं वाचून दाखवायला आणि तुमची लिहून घ्यायला मी यायची, कॉलेज सुटल्यावर, रोज. स्वयंपाकघरात बसायचो आपण, कारण उजेड तिथंच चांगला होता. शेजारी कुणीतरी सतत मिरच्या भाजत असायचं, आणि चरित्राचं निम्मं काम आपण खोकत केलं.

डॉक्टरीणबाईंची वही निपाणीहून त्यांच्या पुतण्यानं काही महिन्यांसाठी दिली होती. तशी वही मी परत कधी पाहिली नाही. मार खाऊन आलेल्या प्रत्येक बाईची नोंद, तिला अनुक्रमांक, बाईचं आणि नवऱ्याचं नाव, आणि खाली दोन रकाने. एक 'सांगते', दुसरा 'दिसते'. बाई ज्या भाषेत बोलली त्याच भाषेत लिहिलेलं, मराठी आणि कन्नडचे अनुक्रमांक वेगळे; कन्नड नोंदी सरांनी आधीच उतरवून घेतल्या होत्या, मराठी आपल्या वाट्याला होत्या. सांगते: जात्याचा खुंटा लागला. दिसते: पाठीवर पाच वळ, सारख्या अंतरावर. जातं उठून पाच वेळा मारत नाही. सांगते: पायरीवरून पडले. दिसते: जबडा मोडला आहे. हिच्या घराला पायरी नाही, मी जाऊन पाहून आले. सांगते: चुलीजवळ पदर पेटला. दिसते: पदर शाबूत, पाठ जळालेली. पानामागून पान असंच. फुटलेल्या कवट्या, उपटलेले केस, लाथेनं पडलेलं पाचव्या महिन्याचं मूल. मी मोठ्यानं वाचायची, खाली कार्बन घालून नक्कल करायची, आणि तुम्ही शेंगदाणे निवडत ऐकायचात.

एका दुपारी मी कंटाळून म्हणाले, "बाई, नवऱ्यानं मारलं तर त्यात एवढं लिहायसारखं काय आहे? सगळ्याच घरात मारतात की." तुम्ही सूप खाली ठेवलंत, उठलात आणि माझ्या कानशिलात अशी ठेवून दिलीत की पेन्सिल मोरीत जाऊन पडली. कानात कितीतरी वेळ घूं करत होतं. मग तुम्ही शांतपणे म्हणालात, "आता बाहेर कुणी विचारलं तर काय सांगशील? खांबाला धडकले म्हणशील. व्हय का न्हाय?" मी मान हलवली. तुम्ही कधी असं बोलायचा नाहीत, शुद्ध बोलायचात, पण चिडलात की तुमचं खानापूरचं माहेर बाहेर यायचं. माफी तुम्ही मागितली नाहीत. मला राग आला होता आणि तो अजून आहे. मारू नये हे मारून शिकवणारी माणसं मी पुढं बरीच पाहिली, शाळेत नोकरी केली तेव्हा तर मीही त्यातलीच एक होते.

नावांवरून तुमचं आणि सरांचं केवढं जुंपलं होतं. सरांनी लिहिलं होतं की बायकांच्या नावाची पहिली अक्षरंच छापावीत आणि पुरुषांची नावं वगळावीत, कारण त्यांची मुलंबाळं याच गावांतून राहतात, उद्या ती वाचतील. तुम्ही मला उत्तर सांगितलंत ते मला पाठ आहे. 'बायकांची नावं झाका. मारणाऱ्यांची नावं पुरी छापा, बापाच्या नावासकट. आजवर ती कुठंच आलेली नाहीत. मुलांनी वाचावीत म्हणूनच हे पुस्तक आहे.' दोन महिने पत्रं गेली आली, आणि शेवटी सरांनी एका ओळीत कळवलं, तुमचं खरं. तुम्ही त्या दिवशी शिरा केला होता.

आणि त्याच आठवड्यात मला ती नोंद सापडली. नवऱ्याचं नाव माझ्या वडिलांचं. सांगते: वखारीत पोतं अंगावर पडलं. दिसते: उजवं मनगट मोडलेलं, दंडावर आडवे घाव, भुवईवर तीन टाके. काठी. पोतं आडवं मारत नाही. आईची ती भुवई मी रोज बघत मोठी झाले होते. केस तिथं उगवत नसत. मी वाचता वाचता थांबले. तुम्ही विचारलंत, "थांबलीस का गं?" मी म्हणाले, "कार्बन सरकला." आणि पुढची नोंद वाचली, तिला ह्या नोंदीचा क्रमांक दिला आणि तिथून शेवटपर्यंत सगळे आकडे एकेकानं मागे ओढले. खाडाखोड नाही, काही नाही. अक्षर माझं सुरेख होतं.

तुम्ही वडिलांना ओळखत होतात, हीच तर अडचण होती. महिन्या दोन महिन्यांनी ते निपाणीहून यायचे, पिशवीत पेरू घेऊन, टोपी हातात धरून तुमच्या दारात उभे राहायचे, खुर्चीवर बसायचे नाहीत. "बाई, पोरगी तुमच्या हाताखाली हाय, मला काय काळजी न्हाय," म्हणायचे. ते गेल्यावर तुम्ही म्हणायचात, "किती सालस माणूस गं." तेही खरं होतं. आईनं शिक्षण नको म्हटलं तेव्हा मला हट्टानं कॉलेजात घातलं ते त्यांनीच. मी स्वतःला समजावलं की वडिलांसाठी करते आहे. तुमच्या पुस्तकात त्यांचं नाव पुरं छापून येणार, बापाच्या नावासकट, आणि मग ते पेरू घेऊन कुठल्या दारात जाणार? हे कारण मला पटलं. पुढं कुणी विचारलंच तर सांगायला तेच तयार ठेवलं होतं.

वही परत गेली आणि पुतण्याच्या माळ्यावर वाळवीनं खाल्ली. पण सरांनी ती आपल्या आधी पाहिली होती आणि मराठी नोंदीही मोजून ठेवल्या होत्या. त्यांचं पत्र आलं, तुमच्या नकलेत एक कमी आहे. तुम्ही उत्तर पाठवलंत, तुमच्या मोजण्यात एक जास्त आहे. मग नेहमीसारखं हळूहळू त्यात इतर गोष्टी मिसळत गेल्या. तो काळ सीमेच्या वादाचा होता. एस.ट्यांच्या काचा फुटत होत्या, इकडं कन्नड पाट्यांना काळं, तिकडं मराठी पाट्यांवर दगड. तुम्ही मला लिहायला सांगितलंत, 'मराठी बाईच्या मराठी वहीवर संशय घेण्याची ही वेळ आपण बरी निवडलीत.' मी ते लिहून घेतलं. त्या वेळी बोलले असते तर दोन थपडांत निभावलं असतं.

सर मग स्वतःच आले, त्यांची टिपणवही आणि आपली नक्कल समोरासमोर ठेवून मोजू म्हणून. तुम्ही मला स्टँडवर आणायला पाठवलंत. पांढरं धोतर, काखेत कापडात बांधलेली वही, आणि माझ्याशी वाटेत स्वच्छ मराठीत बोलत होते. माझ्या अभ्यासाचं विचारत होते. गल्लीच्या तोंडाशी दहाबारा जण उभे होते. एकानं विचारलं, "कुठलं रं तू म्हाताऱ्या?" सरांना मराठी येत होती, बाई, तुमच्यापेक्षा बरी येत होती. पण ते थांबले, चष्मा नीट केला आणि सावकाश कन्नडमध्ये उत्तर दिलं. पहिली लाथ पोटात बसली. खाली पडल्यावर कुणीतरी सायकलची साखळी काढली. ती त्यांच्या कपाळावर बसली तेव्हा आलेला आवाज मी कुणाला सांगू शकत नाही, ओला आवाज होता. मी किंचाळत होते, मराठीत किंचाळत होते, म्हणून मला कुणी हात लावला नाही. वही त्यांनी पोटाखाली घेतली होती.

तुमच्या स्वयंपाकघरात मी त्यांना धरून आणलं. रक्त डोळ्यात उतरलं होतं, धोतरभर झालं होतं. तुम्ही डोळ्यांना दिसत नसताना चाचपत आलात, हळद घेऊन, आणि विचारलंत काय झालं. सर म्हणाले, "बिद्दे." पडलो. एवढंच. तुमची हळदीची बोटं त्यांच्या कपाळावर फिरत होती. मी तुमच्या चेहऱ्याकडं बघत होते. ज्या दोन माणसांनी ती सगळी वही वाचली होती, त्यातलं एक पडलो म्हणत होतं आणि दुसरं जखमेवरून बोट फिरवत पडलेलं नाही हे ओळखत होतं.

मग त्या अवस्थेत, कपाळाला तुमच्या लुगड्याची पट्टी बांधून, त्यांनी मोजायला घेतलं. मी आकडे वाचत होते. माझे खोटे आकडे, एक एक, शेवटपर्यंत. सर म्हणाले, "एक कमीच आहे." तुम्ही म्हणालात, "माझ्या मुलीनं लिहिलंय ते. ती चुकत नाही." माझी मुलगी म्हणालात. तुम्हाला मूल नव्हतं. मी खाली मान घालून फरशीवरचं रक्त पुसत होते. सर उठले, वही बांधली आणि दारात म्हणाले, "बाई, मी खोटं मोजत नाही. तुम्ही मला आज खोटं ठरवलंत." तुम्ही अडवलं नाहीत. त्यानंतर पत्र आलं नाही, तुम्हीही लिहिलं नाहीत. कन्नड नोंदी त्यांच्याकडं, मराठी तुमच्याकडं, अर्धं अर्धं पुस्तक दोन गावांत पडून राहिलं. तीन वर्षांनी तुम्ही गेलात. साखळीचं मी तुम्हाला सर गेल्यावर सांगितलं होतं. शेवटच्या दिवसांत एकदा म्हणाला होतात, "त्या माणसाला मी तेव्हा सायकलच्या साखळीपेक्षा जोरात मारलं गं." मी तुमचे पाय चेपत होते. तेव्हाही बोलले नाही.

आता सरांची मुलगी आणि मी मिळून हे पूर्ण करतो आहोत. ती मला आक्का म्हणते. फोनवर ती कन्नडमध्ये लिहिते, मी मराठीत, तुमची खोड आम्ही मोडलेली नाही. मागच्या महिन्यात तिनं विचारलं, आक्का, अप्पांच्या मोजणीत एक नोंद जास्त येते, ते मरेपर्यंत म्हणत होते की बाईंची मुलगी आकडे वाचताना दुसरीकडं बघत होती. तुम्हाला काही आठवतं का? सरांनी ओळखलं होतं, बाई. वर्षानुवर्षं त्यांना माहीत होतं आणि त्यांनी तुम्हाला कळवलं नाही. का, ते मला समजत नाही. बहुतेक तुम्ही मला मुलगी म्हणालात म्हणून.

मी तिला कळवलं, आठवतं. आज सकाळी प्रुफात ती नोंद आठवणीतून घातली, जिथं होती तिथं. पुढचे सगळे आकडे एकेकानं पुढं सरकवले. आईच्या नावाचं पहिलं अक्षर, वडिलांचं नाव पूर्ण, बापाच्या नावासकट. तळटीप दिली की नक्कल करणारीनं ही जाणूनबुजून गाळली होती आणि चिकोडीच्या सरांची मोजणी बरोबर होती. सरांची मुलगी फोनवर रडली. म्हणाली, आक्का, तुम्ही बापासाठी केलंत, कुणीही केलं असतं. मी म्हणाले, हो.

हे पत्र खरं म्हणजे तिला पाठवायला हवं. दोनदा फोनवर टाईप करायला घेतलं आणि पुसलं. पाठवणार नाही. वडील जाऊन पंधरा वर्षं झाली, आई त्यांच्या आधीच गेली. वडिलांसाठीच गाळलं असतं तर ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी घातलं असतं. मी प्रुफातही ती नोंद पुरी घातलेली नाही, बाई. तिच्या खाली डॉक्टरीणबाईंनी आणखी एक ओळ लिहिली होती. सोबत मुलगी, वय आठ. ती म्हणते, बापानं काठी मागितली, मी आणून दिली.

त्या दिवशी सकाळी दूध उतू गेलं म्हणून आईनं मला उलथन्यानं मारलं होतं. दुपारी वडील तिला नुसत्या हातानं मारत होते. काठी मागच्या दाराला होती. त्यांनी ती मागितली नव्हती. मीच नेऊन दिली. आईनं मला ती आणताना पाहिलं होतं, आणि दवाखान्यात मी बापानं मागितली म्हणाले तेव्हा ती मोडका हात मांडीवर धरून माझ्याकडं बघत राहिली, आणि म्हणाली, "पोतं पडलं, डॉक्टरीणबाई. पोरीला काय कळतंय."