एकाच चरात

आई, काल आपल्या दारातला रस्ता खोदला. हर्सूलमध्ये नवी पाण्याची लाइन टाकतायत. तू असतीस तर जेसीबीवाल्याला चहा पाजून आधी आपलं कनेक्शन करून घेतलं असतंस. अण्णा सकाळपासून ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, मी खड्ड्याच्या काठावर उभी. मुरूम बाजूला झाला आणि एकाच चरात दोन पाइप दिसले. खाली आपला नळाचा, गंजून चाळण झालेला. त्याच्यावर टेकलेला संडासाचा, सांध्यात फुटलेला. खोदणारा माणूस सहज बोलून गेला, "ताई, पानी नसलं की रिकामा नळ बाजूची घाण आत वढतो. घरात कुणी आजारी नाय पडलं का?"

तो संडास तू भांडून बांधून घेतलास. मी मोठी होत होते. "पोरीला घेऊन आता अंधारात तळ्याकडं जायची नाय मी," म्हणून तू दोन दिवस चूल पेटवली नाहीस. मग अण्णा खणायला लागले, तर खाली नुसता दगड. नळासाठी नुकताच खणलेला चर तेवढा उघडा होता. मला अजून दिसतंय, तू ओट्यावर बसली आहेस, अण्णांचा हात मांडीवर घेऊन फोडांना तेल लावते आहेस आणि म्हणतेस, "आवं, एकाच चरात टाका की दोन्ही. कशाला हाडं मोडून घेता?" आम्ही पोरं लाजून भलतीकडे बघतोय.

पाणी कित्येक दिवसांनी यायचं, आजही तसंच येतं. पहिली कळशी पिवळट, वासाची. ती ओतून द्यायला तुझा जीव व्हायचा नाही. फडक्यातून गाळून ती तू स्वतःला ठेवायचीस आणि मागाहून आलेलं निवळ पाणी आम्हाला. "मला काय हुतंय?" हे तुझं ठरलेलं. मग तुला कावीळ झाली. दवाखान्यात विचारलं, बाहेरचं काही खाल्लं होतं का? आम्हाला आठवला गंगापूरच्या लग्नातला मठ्ठा. तू गेल्यावर त्या सोयऱ्यांशी आम्ही बोलणं टाकलं गं, ते आजतागायत. आणि मारेकरी आमच्याच उंबऱ्याखाली! रात्रभर मला संताप येत होता आणि तो काढायला माणूस सापडत नव्हता.

आज खड्डा बुजवताना अण्णांनी विचारलं, "काय निघालं गं?"

"काही नाही. जुना पाइप, गंजलेला."

"दोन्ही एकाच चरात टाकले व्हते मी. तुझ्या आईनं सांगितलं म्हणून." ते आपल्या तळहाताकडे बघत हसले. "लई जीव व्हता तिचा माझ्यावर."

मी नुसतं व्हय म्हटलं.

हे पत्र तुझ्या फोटोमागे ठेवणार होते. पण तो फोटो अण्णा रोज काढून पुसतात, आणि त्यांची नजर अजून शाबूत आहे.