पुन्हा एकदा, पहिल्यापासून

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घातलेला नाही, कंबर धरली आहे.) तुझा गुडघा, भावोजींचा खोकला आणि त्या दोन्हींवर तू चालू केलेला काढा, सगळं बरं असेल. इकडे माझी नोकरी आणि आमचं कॉलेजातलं तंटे मिटवायचं क्लिनिक दोन्ही वाचलं, हे कळवायलाच पत्र.

तुला माहीतच आहे, बावीस वर्षं मी कायद्याच्या पोरांना पुस्तक मिटून माणसं ऐकायला शिकवतोय. कॉलेजच्या मागच्या दोन खोल्यांत लोक आपापले तंटे घेऊन येतात आणि मुलं माझ्या देखरेखीखाली फुकटात मध्यस्थी करतात. प्राचार्यांचा त्या खोल्यांवर केव्हाचा डोळा (त्यांना तिथे कॉम्प्युटर मांडायचे होते). एक जरी तक्रार आली तरी टाळं लावीन, असं त्यांनी लेखीच दिलेलं.

मंगळवारी सराव होता. भांडखोर भावांचं सोंग वठवायला नाटकमंडळातले दोन नट बोलावले होते. दहाच्या ठोक्याला दोघं आले आणि वडिलांच्या शिवणयंत्रावरून जुंपली. मला काही ते पटेना. धाकटा फारच पडेल बोलत होता. मी टाळी वाजवून थांबवलं, म्हटलं, राग पोटातून येऊ द्या, पुन्हा एकदा, पहिल्यापासून. बिचाऱ्यांनी केलं. मग थोरल्याला म्हटलं, आता तुम्ही धाकटे व्हा. तेही केलं. धाकट्याची बाजू मांडता मांडता थोरला अडखळला, डोळे भरून आले. मी मुलांना म्हटलं, बघा, याला म्हणतात अभिनय. तेवढ्यात दारात दोन माणसं उभी, उशीर झाला म्हणून माफी मागत. ते नट.

ताई, पायांखालची जमीनच सरकली गं. आधीचे दोघं खरे भाऊ, खरे शिंपी. त्यांची तारीख बुधवारची होती, पण दम निघेना म्हणून आदल्या दिवशीच आलेले. तीन दिवस प्राचार्यांचा शिपाई दिसला की मी दुसऱ्या जिन्यानं जात होतो. शुक्रवारी प्राचार्यांनी बोलावलं. समोर शिंपीबंधूंचं पत्र. वाचलं, तर यंत्र आता दोघं आळीपाळीनं चालवतात, आणि आमचं म्हणणं दोन-दोनदा ऐकून घेणारा असा माणूस आजवर भेटला नव्हता, असं लिहिलेलं. प्राचार्यांनी पत्र फाइलला लावलं आणि कॉम्प्युटर जिन्याखाली मांडायचं ठरवलं. इतकं हलकं वाटलं की कंबर विसरून तीन जिने उतरलो.

तुझा,
धाकटा

ता. क. आता मुख्य काम. त्याच आनंदात मी घरी उशिरा पोचलो. तुझी भावजय बोलायला लागली, कुकर गार झाला, फोन का उचलला नाही, वगैरे. सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, राग पोटातून येऊ दे, पुन्हा एकदा, पहिल्यापासून. तेव्हापासून चार दिवस अबोला आहे. माझी बावीस वर्षांची मध्यस्थी इथे काडीच्या कामाची नाही. ती फक्त तुझं ऐकते. मिळेल त्या गाडीनं ये.

ता. क. २. पत्र टेबलावर राहिलं आणि तिनं वाचलं. म्हणाली, पश्चात्ताप काही पटत नाही, पुन्हा लिहा, पहिल्यापासून. चार दिवसांतलं पहिलं वाक्य. तुझ्या हातात आहे ती चौथी प्रत. तू सावकाश आलीस तरी चालेल.