आईंच्या बागेत चालले आहे

सीत्से,

मी कालव्यापलीकडे तुझ्या आईंकडे चालले आहे. वाटाण्याचं सूप पातेल्यात आहे, गरम करून घे. फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

मी कामावर असताना तू बाळाच्या खोलीला रंग दिलास आणि पाळणाही देऊन टाकलास. वर मलाच सांगतोस, "आता पुढे बघायला हवं." बघ की! तुला कोणी अडवलंय? पण माझ्या वतीने बघायचा ठेका तुला कोणी दिला?

शिवाय आईंना फोन केलास, "तिला बागेत येऊ देऊ नकोस, ती तिथे बसून रडते." हो, रडते! बाळ गेल्यापासून मला दुसरीकडे कुठे कोणी रडू दिलंय? आई काही विचारत नाहीत. हातात खुरपं देतात आणि म्हणतात, "गुलाबाखालचं गवत काढ, पोरी." दवाखान्यातून आल्यावर मला पहिल्यांदा भूक लागली ती तिथेच.

परवाच्या थंडीने त्यांचे सगळे डेलिया काळे पडले. मला रडूच फुटलं. त्या म्हणाल्या, "अगं, खणून तर बघ." खणलं, तर खाली कंद चांगले टणक होते. आज ते काढून, थंडी सरल्यावर पुन्हा लावण्यासाठी, पेटीत भरायचे आहेत.

तुझे बाबा गेले तेव्हा तू त्याच बागेत लपून रडायचास, हेही मला आईंकडून कळलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तू एका शब्दाने बोलला नाहीस. रंगापेक्षा मला त्याचाच राग आलाय.

यायचं असेल तर ये. पण उपदेश करायला येऊ नकोस, रडायला ये.

निन्के