कपाशीच्या रानातलं घर

५ जानेवारी, रविवार

आज ताईच्या केसांना तेल लावताना सयाजीगंजच्या जुन्या घराचा मागचा जिना आठवला. रविवारी न्हाऊन आम्ही दोघी तिथं केस वाळवत बसायचो. स्टेशनातून शिट्टी आली की ताई सांगायची, "ही दिल्लीची. ही मुंबईला चालली." मी वास घेऊन सांगायचे, "खालच्यांकडे आज वांगी." कोण बरोबर, कोण चूक, कुणी कधी तपासलं नाही. मग आई वेण्या घालायची. एवढंच. पण डोळे भरून आले!

तीच ही ताई. बँकेतून निवृत्त झाली, पुण्यातली भाड्याची जागा सोडली आणि तेव्हापासून घरच नाही. लोक परगावी जातात, त्यांची घरं ही सांभाळते — कुत्री, झाडं, सगळं. कधी कुन्नूर, कधी डेहराडून. हिवाळ्यात थोडे दिवस माझ्याकडे, सुभानपुऱ्यात. एकच बॅग. मी कपाटात जागा करून देते, पण ही कपडे बॅगेतूनच काढते आणि बॅगेतच ठेवते.

तेल लावून झाल्यावर म्हणाली, "मोहना, या वेळी तुला नेणार. फ्लॅट दे भाड्यानं. दीनानाथ गेल्यापासून इथं राखण करत बसलीयेस. कशाची गं?"

मी म्हटलं, "तेल डोळ्यांत जाईल. गप बस."

७ जानेवारी

वरदचा मेलबर्नहून फोन. "आई, मावशीच्या नादी लागू नकोस. गुडघे बघ तुझे!" ताई मागून ओरडली, "बसून बसूनच गेलेत रे ते!"

शेजारच्या रमीलाबेन तर रडवेल्या झाल्या. "मोहनाबेन, तमे जशो तो मारी साथे चा कोण पीशे?" सकाळचा चहा आमचा रोज एकत्र.

आणि गॅलरीत ह्यांची खुर्ची आहे. ती कुठल्या बॅगेत मावणार?

१० जानेवारी

भाजीला जाताना ठरवलं — नाही जायचं. येताना ठरवलं — जायचं. कोथिंबीर विसरले.

१२ जानेवारी, रविवार

काय पाहिलं आज! नीट लिहिता येईल का कोण जाणे.

माझी जुनी विद्यार्थिनी अवंती. तिच्या सासरची शेती करजणजवळ. तिनं पोंक, म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, खायला बोलावलं होतं. "टीचर, सकाळी लवकरच या, शेतात रबारी उतरलेत, आज हलणार आहेत." कच्छचे हे मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन इकडे येतात. कपाशी निघाली की शेतकरी त्यांना बोलावून मेंढ्या बसवतात. शेताला खत, त्यांना धान्य.

धुकं होतं. रिकामं रान. आणि मेंढ्या — बसलेल्या, अंगाला अंग लावून, इतक्या की जमीनच श्वास घेतेय असं वाटलं. मग कुणीतरी तोंडानं आवाज काढला आणि ती जमीन उठून चालायला लागली! पुरुष मेंढ्यांबरोबर पुढे गेले. घर हलवायचं ते बायकांनी.

काळ्या लोकरीच्या ओढण्या घेतलेल्या बायका. उंट बसवला. त्याच्या पाठीवर खाट उलटी बांधली, तिच्या पायांमध्ये गोधड्या, भांडी, पिठाचा डबा. त्यावर आदल्या दिवशी जन्मलेली कोकरं. आणि सगळ्यांच्या वर एक तान्हं मूल, झोपलेलं! उंट उठला तसं अख्खं घर उठलं. मूल जागंसुद्धा झालं नाही. मी हात जोडले — नकळत. कॉन्व्हेंटमध्ये नाताळच्या नाटकात मी पुठ्ठ्याच्या उंटाचे मागचे पाय झाले होते. उंट म्हणजे तेवढंच ठाऊक!

आम्ही अवंतीच्या गाडीतून मागोमाग पुढच्या शेतापर्यंत गेलो. तिथं घर पुन्हा मांडलं. पाहते तर चूल, खाट, गोधड्यांची चळत, माठ — सगळं जसंच्या तसं, सकाळी ज्या बाजूला होतं त्याच बाजूला. लाखीबेन म्हणून होती, तिला विचारलं. ती हसली. "नहितर अंधारामां पाणी केम जडे?"

खरंच की! जागा रोज नवी, पण अंधारात हात नेमका माठावर जातो.

तिनं चहा दिला. मी किती वर्षं सुभानपुऱ्यात, ते ऐकून डोळे मोठे केले. "एकज ठेकाणे? घास खूटी न जाय?" गवत संपत नाही का! सगळ्या बायका हसल्या, मीही.

मग ताई ऐटीत म्हणाली, "हुं तो तमारा जेवी. मारे पण घर नथी."

लाखीबेन एकदम गंभीर. "एवुं न बोल, बेन! अमारुं तो गाम छे. चोमासे पाछां जइए. सासू राह जुए, आखुं गाम राह जुए. तारी राह कोण जुए?"

पावसाळ्यात ह्या परततात तेव्हा सासू, अख्खं गाव वाट बघत असतं; ताईची कोण बघणार? ताईच्या बशीतला चहा तसाच राहिला.

परतताना गाडीत मी म्हटलं, "मी बघते ना तुझी वाट."

"दर वर्षी दार उघडून 'आलीस का बाई' म्हणतेस, त्याला वाट बघणं म्हणतात होय?" — आणि माझा हात घट्ट धरला. घर येईपर्यंत सोडला नाही.

१३ जानेवारी

पोंक खूप आणलाय. ताई खात नाही.

१४ जानेवारी, उत्तरायण

गच्चीवर सगळी सोसायटी. आभाळ पतंगांनी भरलेलं, कान किटले. रमीलाबेननी उंधियू पाठवलं. ताईला बोलवायला खाली आले, तर तिनं कपाट उघडलेलं. साड्या लावत होती. घड्या घालून, एकावर एक. स्वेटर वेगळे. बॅग जमिनीवर चपटी पडलेली.

म्हणाली, "पालमपूरच्या लोकांना मार्चपासून येते म्हणून सांगितलंय. नाही म्हणून कळवते. मोहना, मी इथं राहिले तर चालेल?"

"विचारतेस काय!" म्हटलं. किती आनंद झाला! दोघी रडलो.

मग म्हटलं, "पालमपूरला फोन मात्र आज करू नकोस."

"का गं?"

"सणाचा दिवस आहे."

१५ जानेवारी

फोन मीच केला — ताईऐवजी मी येते म्हणून. त्यांना कुणीही चालेल, कुत्र्याला बहीण आवडली म्हणजे झालं! मागे वाट बघणारं माणूस आहे, आता निघता येईल.

चावी आणि ह्यांची खुर्ची — ताईला. रोज बसायचं, नुसतं फडकं मारून ठेवायची नाही.
सकाळचा चहा — ताईनं रमीलाबेनबरोबर घ्यायचा. त्यांना आलं जास्त लागतं.
माळ्यावरच्या चार गोधड्या — लाखीबेनना. अवंती पोचवेल.
पुस्तकं — अवंतीच्या मुलीला.
वरदला — पत्ता. हा मार्च ते जूनचा. पुढचा नंतर कळवीन.