इन्शुलेसन

कोथरूड, पुणे
१२ फेब्रुवारी २००१

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, अपेक्षाला गोड पापा. आम्ही सगळे मजेत. मंडईत ओल्या तुरीच्या शेंगा मिळाल्या म्हणून सोल्यांची आमटी केली होती. वहिनीच्या हाताची चव काही आली नाही.

फोन केला की वहिनी म्हणते, तू साइटवर आहेस. दरवेळी कसा असशील? म्हणून लिहिते आहे.

हिंजवडीच्या बिल्डिंगमधल्या त्या मीटिंगचं तुला वाईट वाटलं असणार. तुझी सगळी केबल मी नापास केली, तीही चारचौघांत. पण दादा, सर्व्हर रूमच्या छतात साधी पीव्हीसी चालत नाही. तांब्यावरचं इन्सुलेशन काय आणि त्यावरचं बाहेरचं जाकीट काय, पेटल्यावर ते काय सोडतं हे बघूनच तिथला माल निवडायचा असतो. पीव्हीसी वाईट नाही. घराला, पंपाला मीही तीच सांगेन. पण बंद खोलीत ती पेटली की काळा धूर होतो, दार दिसत नाही. त्या धुरात आम्ल असतं. ते माणसाची छातीही जाळतं आणि मशीनही खातं. म्हणून कमी धुराची केबल. महाग आहे, वाकवायला कडक आहे, मान्य. पण त्या मजल्यावर शेकडो पोरं-पोरी बसणार आहेत.

सल्लागार इंजिनिअर म्हणून मी माझं काम केलं. तुला ठेकेदार म्हणून सगळं ओढून काढावं लागलं, त्याबद्दल माफ कर. रविवारी सगळे जेवायला या.

तुझी,
नम्रता


धायरी, पुणे
१५ फेब्रुवारी २००१

सौ. नम्रता मॅडम यांस,
रंगनाथ ढोके, विद्युत ठेकेदार, यांचा नमस्कार.

पत्र मिळालं. तुमच्या वहिनीला, कौशल्यालाही वाचून दाखवलं.

केबलचं मला तेव्हाच समजलं होतं. मीटिंगमध्ये तुम्ही डब्यात दोन्ही केबलचे तुकडे जाळून दाखवले, माझ्या तुकड्याचा धूर माझ्याच नाकातोंडात गेला. आणखी काय समजायचं राहते? दुकानदारानं 'आगीला चालते' म्हणून गळ्यात मारली आणि मी घेतली. चूक माझी. नवीन केबल टाकून झाली आहे. जुनी तशीच राहिली असती आणि पुढे कोणाच्या पोराचं काही झालं असतं, तर मला जेवण गेलं नसतं. त्याची माफी मागू नका.

दुसऱ्या एका गोष्टीची माफी पत्रात शोधली. कागद मागून-पुढून पाहिला. सापडली नाही. तवा जेवायला येणं जमणार नाही.

अपेक्षा विचारते, आत्या काहून येत नाही. मी म्हटलं, विदर्भ लय मोठा आहे बेटा.

रंगनाथ ढोके


कोथरूड, पुणे
२३ फेब्रुवारी २००१

दादा,

खुशाली लिहीत नाही.

तुझी शेवटची ओळ वाचली आणि कळलं, तू एक शब्दही विसरलेला नाहीस. मीही नाही. मी फक्त केबलच्या मागे लपले होते.

मीटिंगमध्ये तू उठून म्हणालास, "मॅडम, इन्शुलेसन तं चांगलं आहे न. मार्क आहे त्याच्यावर." मला उत्तर केबलचं द्यायचं होतं. मी म्हणाले, "इन्सुलेशन. इन्शुलेसन नाही." सगळे हसले. त्यांच्याआधी मी हसले होते.

मग आमच्या मॅनेजरनी, दिग्विजय सरांनी विचारलं, "मॅडम, तुम्हीही यवतमाळकडच्याच ना? ओळखता का यांना?" आणि मी म्हणाले, "सर, विदर्भ काय एवढासा आहे का?" पुन्हा हशा. सासरचं आडनाव लावते, त्यामुळे कोणाला शंकाही आली नाही. तू खाली वाकून केबलचा तुकडा उचललास आणि म्हणालास, "मॅडम बरोबर सांगून राहिल्या. काढून घेतो."

माल घ्यायच्या आधी तू मला फोन करून विचारलं होतंस, कोणती घेऊ. "ऑफिसचं घरी नको" म्हणून मी फोन ठेवला होता. हे तू तिथे सगळ्यांसमोर सांगू शकला असतास. सांगितलं नाहीस.

मी स्वतःची समजूत घालत होते, की नातं कळलं तर पक्षपाताचा आरोप होईल. खोटं आहे. तेवढंच असतं तर तुझं नाव ठेक्याच्या कागदावर आलं त्याच दिवशी मी सांगितलं असतं. मला तुझी लाज वाटली, दादा. तुझ्या बोलण्याची, सिमेंटनं भरलेल्या चपलांची. एवढंच होतं.

आणि तो शब्द. डिप्लोमाला आले तेव्हा सदाशिव पेठेतल्या तुझ्या खोलीत राहायचे. तेव्हा मीही इन्शुलेसनच म्हणायचे. वर्गातल्या मुली हसल्या म्हणून घरी येऊन रडत बसले, तर तू म्हणालास, "शब्द चुकला तं चुकला. करंट तं नाही न लागला?" आणि मला हसवलंस. ज्या गोष्टीवरून मुली मला हसल्या, त्याच गोष्टीवरून मी सगळ्यांना तुला हसायला लावलं.

काल ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, की ते ठेकेदार माझे सख्खे मोठे भाऊ आहेत. कोणी हसलं नाही. दिग्विजय सर एवढंच म्हणाले, "हे आधी सांगायला हवं होतं." ती साइट माझ्याकडून काढून घेतली आहे. तुझं काम आता दुसरा इंजिनिअर पहिल्यापासून तपासणार. म्हणजे तुला पुन्हा ताप, तोही माझ्याचमुळे. नवीन केबल योग्य आहे, त्यामुळे काम अडणार नाही.

सांगितल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. नाकारलं तेव्हा तू समोर होतास. कबूल केलं तेव्हा तू तिथे नव्हतास.

म्हणून रविवारी मी धायरीला येते आहे. घरी नसलास तर साइटवर येईन. तुझी माणसं असतील, असू देत. त्यांच्यासमोरच बोलेन. तू काय म्हणशील ते ऐकून घेईन, आणि काहीच म्हणाला नाहीस तर तेही.

माफी इथे कागदावर मागत नाही.

तुझी सख्खी बहीण,
नम्रता